घरची मांजर गेल्यावर: पहिल्या दोन तासांपासून आखाजीपर्यंत

आमच्या चिंगीची एकही खूण आज घरात नाही. ती श्रावणात रात्री गेली. आम्ही उजाडेपर्यंत नुसते बसून राहिलो आणि सकाळी तिला घाईघाईने गोणपाटात गुंडाळून शेतात पुरून आलो. खड्डा जेमतेम गुडघाभर होता. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी तो उकरला. फोटो जुन्या मोबाइलमध्ये होते, तो मोबाइल पुढे बंद पडला.

दुसरी मांजर, भुरी, तेरा वर्षं जगून वैशाखात गेली, तोपर्यंत थोडं शहाणपण आलं होतं. पुढे लिहिलंय ते या दोघींमुळे शिकलेलं. आमचं घर अमळनेर तालुक्यात, काळ्या मातीच्या आणि कापसाच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे ऊन, भेगा, पाऊस यांचा हिशोब इथलाच आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ठसा, केस आणि शरीर नीट ठेवणं ही कामं पहिल्या दोन-तीन तासांतच होतात. दगड, फोटो, झाड, लिहिणं हे महिन्याने केलं तरी चालतं. आपण नेमकं उलटं करतो: त्या रात्रीच फोटोवर हार घालतो आणि ठसा घ्यायचा राहून जातो.

आधी हे तपासा

मांजर कशाने गेली याचा अंदाज घ्या. शेवटच्या दिवसांत ती अचानक अंगावर धावून येत होती, लाळ गळत होती, किंवा काही आठवड्यांपूर्वी तिला पिसाळलेलं वाटणारं कुत्रं चावलं होतं, असं असेल तर ठसा-बिसा काही नको. उघड्या हाताने शिवू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा. तिने कुणाला चावलं-ओरबाडलं असेल, तर ती जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मिळते.

उलट्या-जुलाब होऊन गेली असेल, विशेषतः लहान पिल्लू असेल, तर पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका संसर्गजन्य आजाराची, शंका धरा. माणसाला तो होत नाही, पण त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि पुढचं पिल्लू त्यात जातं. अशा वेळी तिची गादी, टोपली आठवण म्हणून ठेवू नका, जाळून टाका. फरशी आणि वाट्या ३२ भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून पुसा. मन खूप ओढ घेतं, मला ठाऊक आहे. गादीचा फोटो काढा आणि गादी जाऊ द्या.

पहिले दोन तास

मेल्यानंतर शरीर ताठर व्हायला साधारण दोन-तीन तास लागतात, आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून आधी तिला ती झोपायची तशी, पाय पोटाशी आणि शेपूट भोवती, अशी हलक्या हाताने वळवून ठेवा. चिंगीला आम्ही जशी होती तशीच राहू दिली. सकाळी ती सरळ काठीसारखी झाली होती आणि कुठल्याच खोक्यात मावेना. ताठर झालेल्या पायाला जोर लावून वाकवू नका.

खाली वर्तमानपत्राची जाडशी घडी आणि त्यावर जुनं सुती कापड ठेवा, कारण लघवी किंवा थोडा द्राव बाहेर येतो. त्यात भिण्यासारखं काही नाही. डोळे मिटत नाहीत, पुन्हा पुन्हा मिटवायला जाऊ नका. खोली घरातली सर्वांत गार निवडा. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून पोटाजवळ ठेवा, थेट अंगावर नको, केस ओले होतात. उन्हाळ्यात त्याच दिवशी पुरायचं, हे ठरवूनच टाका. हिवाळ्यात रात्र काढता येते.

घरात दुसरी मांजर असेल आणि आजार संसर्गाचा नसेल, तर तिला एकदा जवळ येऊन वास घेऊ द्या. आमचा बोका आला, हुंगलं आणि ओट्यावर जाऊन बसला. निदान मग तो भुरीला शोधत घरभर ओरडत फिरला नाही. लहान मुलांना “झोपली” म्हणू नका. मग रात्री झोपायचीच भीती बसते. “मेली” म्हणा. गावातल्या पोरांनी मरण पाहिलेलं असतं, शहरातल्या पोरांना तुम्ही सांगायचं असतं.

पायाचा ठसा

पुढचा पाय घ्या. पुढच्या पायाला पाच बोटं असतात, पण अंगठ्यासारखं पाचवं वर असतं. ठशात चार बोटं आणि मधली मोठी गादी एवढंच येतं. बोटांमधले लांब केस छोट्या कात्रीने कापा, नाहीतर ठसा फराटल्यासारखा दिसतो. (कापलेले केस फेकू नका, ते पुढे लागणार आहेत.) पाय ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा.

कागदावर घ्यायचा असेल तर शाईचा स्टॅम्प पॅड सर्वांत बरा. कुंकू तेलात कालवून पाहिलं, तर तेल कागदावर पसरतं आणि सहा महिन्यांनी ठशाभोवती पिवळा डाग पडतो. आलता पातळ, तो वाहतो. घरात पॅड नसेल आणि दुकान बंद असेल, तर रांगोळीखाली सारवायचा गेरू डिंकाच्या पाण्यात दाट कालवा. हे मला शेजारच्या काकूंनी सुचवलं आणि आज घरात लावलेला ठसा गेरूचाच आहे. शाई पायाला बोटाने थापायची, पाय पॅडवर दाबायचा नाही. मग पाय कागदावर आणण्याऐवजी कागदच पायावर आणा: ड्रॉइंगच्या जाड कागदामागे घडी घातलेला टॉवेल धरा आणि हलकेच टेकवा. टॉवेलमुळे कागद किंचित वाकतो आणि सगळ्या गाद्या सारख्या उमटतात. सहा-सात ठसे घ्या. पहिले दोन नेहमी बिघडतात.

उठावाचा ठसा हवा असेल तर स्वयंपाकघरातलं सामान पुरतं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी लागेल तसं, वाटीपेक्षा थोडं कमीच. पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळा आणि बोटाच्या जाडीची थापटी करा. पाय सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. टांगायचं असेल तर भोक आत्ताच पाडा, वाळल्यावर पाडलं तर तुकडा पडतो. थापटी सुती फडक्याने झाकून वाळवा आणि दिवसातून दोनदा उलटा. थेट कडक उन्हात ठेवलीत तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि तडकते. उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, म्हणून वाळल्यावर दोन्ही बाजूंनी वॉर्निशचे दोन हात द्या. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी ही थापटी लागू देऊ नका, एवढं मीठ त्यांना बाधतं.

प्लास्टर ऑफ पॅरिस वापरणार असाल तर ते पायाला लावू नका, केसांत घट्ट बसतं. आधी ओल्या शाडूत पाय दाबून साचा घ्या. मग दोन भाग प्लास्टर आणि एक भाग पाणी असं कालवून त्यात ओता, अर्ध्या तासाने काढा. शाडू गणपतीच्या कारखान्यात मिळतो, पण त्या दिवशी कारखाना शोधत कोण फिरणार? म्हणून मांजर म्हातारी किंवा आजारी असेल, तर पॅड, कागद आणि शाडूचा गोळा आधीच आणून ठेवा. ऐकायला वाईट वाटतं. खरं तर ठसा जिवंतपणीच, ती दुपारी झोपलेली असताना घेतलेला सगळ्यांत छान. भुरी त्या वेळी डोळा उघडून फक्त बघायची.

केस आणि मिशा

पाठीवरचे किंवा शेपटीच्या बुडाशी असलेले केस बोटभर जाडीचे कापा आणि दोऱ्याने मध्यावर बांधा. दोन-तीन रंगांची मांजर असेल तर प्रत्येक रंगाचे थोडे घ्या. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. पाकिटावर नाव आणि तारीख लिहा. मिशा कापू नका. गळून पडलेल्या मिशा गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत सापडतात. आम्हाला भुरीच्या चार मिळाल्या.

या केसांचं सर्वांत टिकाऊ घर मला ताईत वाटतो. चांदीचा पोकळ ताईत कुठलाही सोनार करून देतो. जळगावच्या सराफ्यात तयारही मिळतात. झाकण झाळून घेऊ नका, आतले केस जळतील. फिरकीचं झाकण मागा, किंवा केस घालून झाल्यावर लाखेने बंद करून घ्या. गळ्यात घालायचा की किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा, हे तुमचं तुम्ही पाहा. “मांजरीचे केस आहेत” असं मी सोनाराला सांगितलं, तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, “पांढरे की काळे?” मुलांच्या पहिल्या जावळासाठी लोक येतात, तेव्हाही तो हेच विचारत असेल.

कुठे पुरायचं

स्वतःचं शेत किंवा परसू असेल तर तेच. नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला स्पष्ट विचारा. गुपचूप कुणाच्या बांधावर पुरून येऊ नका. नदीत सोडणं तर नकोच. तापी, गिरणा, बोरी यांचं पाणी खाली कुणीतरी पितं.

विहीर, बोअर आणि हातपंप यांपासून लांब, नाल्याच्या पुराच्या रेषेबाहेर आणि नांगर-रोटाव्हेटर फिरतो त्या पट्ट्याबाहेर जागा निवडा. बांधाची उंच बाजू चांगली. मोठ्या झाडाच्या अगदी बुडाशी खणलं तर मुळं तुटतात, सहा-सात फूट सोडून खणा.

खोली किमान तीन फूट, लांबी दोन फूट, रुंदी दीड फूट. आपल्या काळ्या मातीत साडेतीन फूट घ्या. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांतून वास वर येतो आणि कुत्री, कोल्हे तिथेच उकरतात. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला सोडवलं असेल तर खोलीत अजिबात सूट नाही. औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं जनावरही त्याने मरू शकतं.

सुती कापडात गुंडाळा. जुनी साडी, धोतर, उशीचा अभ्रा, काहीही चालेल. प्लास्टिक, रेक्झिन, नायलॉनची गोणी नको. गळ्यातला पट्टा आणि घुंगरू काढून घ्या. मीठ टाकायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण वर झाड लावायचं असेल तर मीठ टाळा, मुळं करपतात. चुन्याने लवकर कुजतं ही समजूत आहे. प्रत्यक्षात चुना कुजणं लांबवतो.

फूटभर माती ओढून पायाने दाबा, मग धोंड्यांचा एक थर द्या, त्यावर उरलेली माती. वर वीतभर उंच ढीग ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो. शेवटी बाभळीच्या काट्या टाकून महिनाभर राहू द्या. चिंगीच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. परत येण्याआधी मोबाइलच्या नकाशात ती जागा जतन करा. दोन पावसाळ्यांनंतर बांध ओळखू येत नाही.

जागाच नसेल तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव प्राण्यांच्या दाहिन्या आहेत. चार किलोच्या मांजरीची राख साधारण वाटीभर होते. ती थेट रोपाच्या बुडाशी ओतू नका. क्षार जास्त असतात, म्हणून भरपूर मातीत मिसळूनच कुंडीत घाला. शरीर नगरपालिकेच्या गाडीतून गेलं असेल तर केसांचं अर्धं पाकीट आणि घुंगरू कुंडीत पुरा. पूर्ण मांजर कुंडीत पुरणं मात्र होत नाही, कितीही मोठी कुंडी असली तरी.

दगड आणि झाड

“मांजरीचं कसलं स्मारक?” असं कुणीतरी म्हणतंच. त्याला जुन्नर तालुक्यातल्या आळे गावची आठवण द्या. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी तिथे आहे आणि लोक हात जोडायला जातात. आमच्याकडे हा प्रश्न नणंदेने काढला होता. सासूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, “जीव तो जीव शे, मानूसना काय आन मांजरना काय.” विषय संपला.

दगडासाठी पैसे घालवू नका. फरशीच्या दुकानात ओट्याचा कापून उरलेला कडप्प्याचा तुकडा मागा, पुष्कळदा फुकट मिळतो. नाव कोरायला पाटे-वरवंटे करणारा पाथरवट गाठा. अक्षरं निदान इंचभर उंच, आणि मजकूर कमी: नाव आणि वर्ष. कोरून न घेता नुसता रंग दिलात तर इथल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पुसट होतो.

झाड लगेच लावू नका. माती बसू द्या आणि आषाढात पहिला चांगला पाऊस झाला की लावा. पारिजातक, मोगरा, जास्वंद यांपैकी काहीही. कण्हेर आणि लिली नको. दोन्ही मांजरांना विषारी आहेत, लिली तर फार. त्या जागी उद्या दुसरी मांजर येऊन बसणार आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक झाड आहे, जे कुणी मुद्दाम लावत नाही: कुप्पी, म्हणजे खोकली. पावसाळ्यात बांधावर, भिंतीच्या कडेला तणासारखी उगवते. तिचं मूळ उपटलं की मांजरं वेडी होतात, लोळतात, मुळाला अंग घासतात. भुरीच्या दगडाशेजारी ती आपोआप उगवली तेव्हा आमच्या गड्याला सांगून ठेवलं की निंदताना एवढी जागा सोड.

फोटो आणि आवाज

पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचे मोबाइल गोळा करा. चुकून उडवलेले फोटो आधी शोधा: गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. नातेवाइकांकडून मागवताना “डॉक्युमेंट म्हणून पाठवा” असं सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो बारीक करून टाकतं. शेजाऱ्यांनाही विचारा. भुरीचा सर्वांत सुंदर फोटो निघाला दूधवाल्याच्या मोबाइलमध्ये. रोज पहाटे ती त्याच्या गाडीजवळ जायची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आवाज लोक विसरतात. जुन्या व्हिडिओंत, कुणाच्या व्हॉइस मेसेजमागे घुरघुर किंवा ओरडणं सापडतं. ते वेगळं कापून दोन ठिकाणी ठेवा. पाच-सहा फोटो कागदावर छापून घ्या. फ्रेम पश्चिमेच्या खिडकीसमोर नको.

फोटो कुठे लावायचा यावरून आमच्याकडे वाद झाला. मुलीला तो दिवाणखान्यात, सासऱ्यांच्या फोटोशेजारी हवा होता. शेवटी तो गेला स्वयंपाकघरात, दुधाच्या जाळीच्या कपाटावर. भुरीचा निम्मा जन्म त्या कपाटाकडे बघण्यात गेला होता.

लिहून ठेवा

वहीचं एक पान पुरे. तिचे गुण सांगत बसू नका, सवयी लिहा. कुठून आली, कोणत्या हाकेला यायची, कुणाच्या पायात घोटाळायची, कोणती भांडी पाडली, भरताची वांगी चुलीत भाजताना कुठे बसायची. ज्याच्या घरात अहिराणी बोलतात त्याने ते अहिराणीतच लिहावं, कारण मांजरीशी आपण प्रमाण मराठीत बोललेलो नसतो. प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घ्या. सगळ्यांत कमी बोलणारा माणूस सगळ्यांत जास्त लिहितो.

तिचं कापड शिल्लक असेल (आणि आजार संसर्गाचा नसेल) तर उकळत्या पाण्यात धुऊन गोधडीत घाला. गोधडी शिवणाऱ्या बाईला चौकोन मधोमध नको, पायथ्याला घ्यायला सांगा. मांजर तिथेच झोपते.

तिच्या नावाने काही

पैसे खर्च करायचेच असतील तर गल्लीतल्या एका मांजरीची नसबंदी करून द्या. पाच-सहा महिन्यांची पिल्लीही गाभण राहते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि त्यांतली बरीच पिल्लं रस्त्यावर मरतात. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते. फोन करून दिवस ठरवा आणि जाळीच्या पिंजऱ्यातूनच न्या.

आखाजी आणि वाटी

वर्षश्राद्धाची तिथी काढणारे लोक मी पाहिलेत, मला ते जास्त वाटतं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्यांसाठी घागर भरतातच. घागरीवर डांगर (खरबूज), सांजोऱ्या, सगळं माणसांसाठी. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि चालत असेल तर बाजूला एक वाटी दुधाची ठेवा. घागरीच्या विधीत ती मिसळू नका, म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही. ऐन उन्हाळ्यात येणारा सण आहे. त्या दिवसापासून पावसापर्यंत पाण्याचं एक पसरट भांडंही दाराशी ठेवा.

वाटी तिचीच घ्या आणि त्यावर नाव घालून घ्या. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या भेटीवर नाव घालतात ना, तेच मशीन. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या दुकानदाराने सवयीने विचारलं, “कुणाकडून घालू?” नाव मात्र कागदावर ठळक लिहून न्या, तोंडी सांगू नका. आमच्या वाटीवर ‘भूरी’ असं दीर्घ पडलंय. बोका त्यातच पितो.